घर बांधताना पैसे कधी सोडायचे?

आपल्या बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, तेव्हा आपण आधी एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकतो आणि मगच माप भरायला सांगतो. वीस रुपयांच्या शेंगांसाठी एवढी चौकशी. घराचे वीस लाख मात्र 'माणूस चांगला आहे' एवढ्यावर देऊन मोकळे होतो.

मागे एक निवृत्त काका शाखेत आले. 30 बाय 40 च्या साईटवर घर चालू होतं. कॉन्ट्रॅक्टरला पहिल्या स्लॅबचे पैसे द्यायचे, म्हणून आठ लाखांची एफडी मोडायची होती. मी विचारलं, "काका, खालच्या कॉलमच्या क्यूबचा रिपोर्ट आला का?" काका म्हणाले, "मॅडम, ते सगळं इंजिनिअर बघतो." इंजिनिअर कॉन्ट्रॅक्टरचाच होता!

क्यूब म्हणजे काय ते सांगते, कारण बँकेत हे कुणी सांगत नाही. काँक्रीट ओततानाच त्यातलं थोडं 150 मिलिमीटरच्या चौकोनी साच्यांत भरतात, पाण्यात ठेवतात आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. एम-20 काँक्रीट असेल तर त्यानं दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन भार सोसायला हवा. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद येते, त्यामुळे अंदाज लवकर लागतो. क्यूब ओततानाच घ्यावे लागतात. नंतर शंका आली तर बांधलेल्या भागातूनच नमुना कापून काढायचा, आणि ते महाग पडतं.

काकांनी दुसरा, स्वतंत्र इंजिनिअर गाठला. क्यूब घेतलेले होते, रिपोर्ट मागितलेला नव्हता. तो आला 14 चा. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचं काँक्रीट अजून सात दिवसांचंच! पुढे कॉलममधले नमुने तपासले आणि दोन कॉलमना बाहेरून सळई-काँक्रीटचं जाकीट घालावं लागलं. खर्च कॉन्ट्रॅक्टरनं केला. का केला? कारण त्याचं बिल अजून काकांच्या एफडीत होतं. पैसे आधी गेले असते तर काका कोर्टाच्या पायऱ्या चढत असते.

म्हणून बांधायला काढाल तेव्हा करारातच लिहा, की हप्ता तारखेवर नाही, तपासणीवर मिळेल. सळई बांधून झाली की तुमच्या इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. बाथरूमला फरशी बसवण्यापूर्वी एक-दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालून ओल येते का बघायचं. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे. आणि आठ लाखांची एकच एफडी करू नका. हप्त्यांच्या हिशेबानं तीन-चार करा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. थोड्याच दिवसांची गरज असेल तर एफडीवर कर्ज मिळतं, तेही विचारा.

आता फ्लॅटवाल्यांसाठी. रेरा कायद्यानं नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि काम जितकं पुढे गेलं असेल त्या प्रमाणात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यावरच काढता येतात. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण आपल्या भागात एक मेख आहे. जागा 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. इथे जुने बंगले पाडून ज्या इमारती उठतात, त्यांतल्या कितीतरी एवढ्याच असतात. तिथे नोंदणीचा नंबर शोधत बसू नका, मंजूर नकाशा मागा आणि मजले मोजा.

मजले मोजायचं मी उगाच सांगत नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारात 1980 च्या दशकात पाच मजल्यांच्या परवानगीवर कितीतरी उंच इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी पैसे मोजले, वर्षानुवर्षं राहिले, आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं वरचे मजले बेकायदा ठरवले. आपल्याकडे बाबूसापाळ्यात ऑक्टोबर 2024 च्या पावसात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि कामगार दगावले.

"बँकेनं कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीकच असणार," असं मला रोज ऐकू येतं. बँकेचा माणूस साईटवर येतो तो काम किती झालं आणि तारण पुरेसं आहे का, हे पाहायला. काँक्रीट कसं आहे हे तो तपासत नाही. ते तुमच्या माणसानंच बघायचं.

काका परवा दुसरी एफडी मोडायला आले. मी काही विचारायच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला. पाण्यानं भरलेल्या बाथरूमचा फोटो, आणि दुसरा खालच्या कोरड्या छताचा.