लसग्रस्तांचा हक्क

(लोणावळा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘सार्वजनिक हित’ या शब्दांचा अर्थ मावळ तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. येथील वळवण, शिरवता आणि लोणावळा या जलाशयांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२१ साली शेजारच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली अशाच एका धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पवनेच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले. त्याच धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे एका महिलेसह तिघे पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. लाभ सर्वांचा आणि हानी थोड्यांची, हा व्यवहार या मुलखाने पिढ्यानपिढ्या पाहिला आहे. तरीही एक तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. ज्याची जमीन सार्वजनिक कामासाठी जाते त्याला मोबदला द्यावाच लागतो, आणि त्यासाठी कोणी अधिकारी निष्काळजी होता हे शेतकऱ्याला सिद्ध करावे लागत नाही.

हेच तत्त्व लसीमुळे ज्यांच्या शरीराला इजा झाली, ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनाही लागू झाले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी लसीकरणाचा कट्टर पुरस्कर्ता आहे. देवीचा रोग लसीमुळेच पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले तेही लसीमुळेच. परंतु पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या थेंबांमुळे लाखो मात्रांमागे एखाद्या बालकाला पक्षाघात होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. कोविडच्या काळात आपल्याच जिल्ह्यात तयार झालेल्या कोविशील्डचे मूळ सूत्र ज्या ॲस्ट्राझेनेका लसीचे, तिच्यामुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होतात, असे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. अशा घटनांत बहुधा कोणाचीच चूक नसते. लस शुद्ध असते, परिचारिका दक्ष असते, घेणाराही धडधाकट असतो. तरीही हानी होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर लस घेणारा माणूस स्वतःचे रक्षण करतोच, शिवाय शेजाऱ्याकडे जाणारा संसर्गही रोखतो. या दुसऱ्या लाभाची किंमत शेजारी त्याला कधी देत नाही. मग कोट्यवधींच्या संरक्षणाचा सगळा तोटा योगायोगाने ज्या एका घरावर कोसळला, तो त्याच घराने एकट्याने सोसावा हे कोणत्या न्यायात बसते?

कोविडची लस घेतल्यानंतर दोन तरुणी दगावल्या, तेव्हा त्यांचे आईवडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रावर उत्तर दिले की लसीकरण ऐच्छिक होते, सबब भरपाईचे दायित्व सरकारवर येत नाही. पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे. हे ‘ऐच्छिक’ कसे होते ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशाने सार्वजनिक वाहनातून प्रवास करण्यासाठी दोन्ही मात्रा घेतल्याची अट घातली. ज्याचे पोट रोजच्या प्रवासावर अवलंबून आहे, त्याच्या इच्छास्वातंत्र्याला अशा आदेशानंतर कितीसा अर्थ उरतो?

आणि दिवाणी न्यायालयाचा मार्ग म्हणजे काय? अंदर मावळातील एखाद्या शेतमजुराने बलाढ्य कंपनीविरुद्ध तज्ज्ञांचे पुरावे उभे करून निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा. जेथे मुळात कोणाचा निष्काळजीपणाच नाही, तेथे तो सिद्ध कसा व्हावा? हा मार्ग नसून बंद दरवाजा आहे.

दोष न शोधता भरपाई देणे आपल्या कायद्याला अपरिचित नाही. कारखान्यात कामगार जायबंदी झाला तर मालकाचा दोष न पाहता भरपाई मिळावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने स्वीकारले. आगगाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला १९८९ च्या रेल्वे कायद्यातील १२४-अ कलमान्वये रेल्वेची चूक दाखविण्याची गरज नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मृत्यू आल्यास सरकार ठरावीक रक्कम देते. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणे नियमानेच बंधनकारक आहे. म्हणजे चाचणीत इजा झाली तर हक्क, आणि तीच लस सरकारी मोहिमेत टोचून इजा झाली तर कोर्टाची पायरी! आणखी एक विसंगती पाहा. कोविडने मृत्यू आला तर कुटुंबाला ५० हजार रुपये, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर ठरले. मग कोविडपासून वाचण्यासाठी घेतलेल्या लसीने मृत्यू आला, तर त्या कुटुंबाला कमी का लेखावे?

पैशाचे काय, असा प्रश्न अर्थमंत्री नेहमी विचारतात. त्याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. १९ नोव्हेंबर २०२२ पर्यंत देशात २१९.८६ कोटी मात्रा दिल्या गेल्या आणि गंभीर व तीव्र स्वरूपाच्या प्रतिकूल घटना २,७८२ नोंदल्या गेल्या. प्रत्येक मात्रेमागे फक्त एक रुपया बाजूला काढला असता तर सुमारे २२० कोटी रुपये जमले असते. नोंदलेली प्रत्येक घटना लसीमुळेच घडली असे धरले तरी प्रत्येकी ७ लाख ९० हजार रुपये वाट्याला येतात. नोंदी अपुऱ्या असतील तर दोन रुपये काढावेत. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने बालकांच्या लसींबाबत असाच निधी उभारला. त्यासाठी प्रत्येक मात्रेत जितक्या रोगांवरील लस असेल तितक्या रोगांमागे ७५ सेंट कर घेतला जातो. तत्कालीन पश्चिम जर्मनीने १९६१ साली, तर ब्रिटनने १९७९ साली भरपाईचा कायदा केला.

मात्र धोरण जाहीर झाले म्हणजे न्याय मिळाला असे मावळच्या माणसाने तरी समजू नये. पवनेने आपल्याला तेवढे शिकविले आहे. म्हणून कोणत्याही योजनेला चार कसोट्या लावाव्यात. ती संसदेच्या कायद्याने आलेली असावी, मंत्र्याच्या मर्जीने नव्हे. तिच्यात सर्व लसी याव्यात, केवळ कोविडची नव्हे. अर्ज तालुक्याच्या ठिकाणी स्वीकारला जावा, निर्णयाला मुदत असावी आणि संशयाचा फायदा पीडिताला मिळावा. शेवटची कसोटी अशी की रक्कम हानीच्या प्रमाणात असावी. ब्रिटनमध्ये साठ टक्के अपंगत्वाची अट आहे, त्यामुळे एकोणसाठ टक्केवाला रिकाम्या हाताने परततो. ते अनुकरण नको.

लसीचे दुष्परिणाम मान्य केले तर लोक लस घेणार नाहीत, अशी भीती अधिकारी बोलून दाखवितात. माझ्या मते अविश्वास लपवालपवीतून वाढतो. एखाद्या वाडीत लसीनंतर मूल दगावले आणि सरकारने पाठ फिरविली, तर रोषाला तोंड देते ती तेथील आशाताई. पुढच्या वेळी बंद दारे तिच्यासमोर असतात. सरकार भरपाई घेऊन त्या घरी पोहोचले, तर तिचा शब्द टिकतो आणि लसीकरणही टिकते.

आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम आजपासून करावे. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ येथे लसीनंतर गंभीर आजार किंवा मृत्यू घडल्याचे कळताच त्या घरी जावे. लसीची तारीख आणि बॅच क्रमांक टिपून घ्यावा, रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत, घटनेची नोंद आरोग्य केंद्रात करवून घ्यावी आणि जिल्हा समितीचा निष्कर्ष लेखी मागावा. कागद नसल्यामुळे किती धरणग्रस्तांचा हक्क बुडाला, हे आपण पाहिले आहे. लसग्रस्तांचा तसा बुडू देऊ नये.