फोन कुठे चालेल, हे आधी सांगा
(मोबाईल विक्रेते आणि दुरुस्ती कारागिरांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



माझी सगळी नोकरी टॉवर आणि एक्स्चेंजच्या कामात गेली, तुमची हयात काउंटरमागे जाते आहे. आमच्या लोकांनी लहरींबद्दल कागदावर जे ठरवलं, त्याचे परिणाम गिऱ्हाइकाच्या तोंडून तुम्ही ऐकलेत. म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. एखादा फोन कोणत्या नेटवर्कवर चालतो आणि कोणत्या नाही, ही माहिती विकताना कोपऱ्यात का जाते, तिची किंमत आजवर कुणी मोजली, आणि त्यावर आपल्या हातात काय आहे.

२००७ साल घ्या. मार्च महिन्यात नोकियाचा एन-९५ बाजारात आला आणि २९ जूनला अमेरिकेत ॲपलचा पहिला आयफोन. या दोघांची तुलना होते ती पडद्यावरून आणि बटणांवरून. आपल्या धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर मोठा फरक आतल्या रेडिओत होता. एन-९५ मध्ये थ्रीजी होतं, पण फक्त २१०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर. युरोपात आणि आशियाच्या मोठ्या भागात थ्रीजीचा पट्टा तोच. अमेरिकेत थ्रीजी उभं राहत होतं ८५० आणि १९०० वर. तिथे गेला की हा महागडा फोन टूजीवर यायचा. शेवटी नोकियाला अमेरिकेसाठी त्याच फोनची वेगळी आवृत्ती काढावी लागली.

आयफोननं दुसरा रस्ता धरला. टूजीतल्या जीएसएम तंत्राचे ८५०, ९००, १८०० आणि १९०० हे चारही पट्टे त्यात होते, थ्रीजी मात्र नव्हतं. त्या वेळच्या थ्रीजी चिप फार वीज खातात, बॅटरी टिकत नाही, हे कारण स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीरपणे दिलं होतं. म्हणजे रेडिओच्या हिशेबानं तो फोन जिथे जिथे जीएसएम होतं तिथे चालण्याजोगा होता. पण कुलूप लावलं ते कंपन्यांच्या करारांनी. अमेरिकेत एटी अँड टी, नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये ओटू, जर्मनीत टी-मोबाईल, फ्रान्समध्ये ऑरेंज. जपानमध्ये तर जीएसएम कधी आलंच नव्हतं. डोकोमो या कंपनीनं १ ऑक्टोबर २००१ ला जगातली पहिली व्यावसायिक डब्ल्यू-सीडीएमए थ्रीजी सेवा सुरू केलेला तो देश, आणि पहिला आयफोन तिथल्या एकाही टॉवरशी बोलू शकत नव्हता. जुलै २००८ मध्ये थ्रीजीवाला आयफोन निघाला तेव्हा कुठे तो जपानला पोचला.

हे पट्टे असे वेगवेगळे का झाले, हा प्रश्न तुम्हाला गिऱ्हाईक विचारतं. उत्तर फार गूढ नाही. १९९२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत पुढच्या पिढीच्या मोबाईलसाठी १८८५ ते २०२५ आणि २११० ते २२०० मेगाहर्ट्‌झ हे पट्टे राखून ठेवायचं ठरलं. युरोपनं त्याप्रमाणे जागा मोकळी ठेवली. अमेरिकेनं मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यावरच १९०० च्या आसपासची जागा लिलावात विकून टाकली होती. पुढे थ्रीजी आलं तेव्हा तिथल्या कंपन्यांनी ते आहे त्याच जागेत बसवलं. त्यांतल्या टी-मोबाईलला जागा पुरेना, म्हणून तिनं नवा जोडपट्टा घेतला, फोनकडून टॉवरकडे १७०० वर आणि टॉवरकडून फोनकडे २१०० वर. आपल्याकडे कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरून बार्शी लाईटच्या नॅरोगेज डब्यात बसलेली माणसं अजून आहेत. रूळ कुणी, कधी आणि कोणत्या पैशानं टाकले यावर गाडी ठरते, प्रवाशाच्या सोयीवर ठरत नाही. लहरींचं तेच झालं.

याचा पहिला मोठा फटका अँड्रॉइडला बसला. जगातला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीनं बनवलेला जी-वन, २२ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत विक्रीला आला. त्याचं थ्रीजी टी-मोबाईलच्या पट्ट्यांसाठी होतं. कुलूप काढून त्यात एटी अँड टीचं सिम घातलं तर हाती यायचं टूजीतलं एज. जानेवारी २०१० मध्ये गुगलनं नेक्सस वन आणला. तो कुठल्याही कंपनीला न बांधलेला, खुला फोन म्हणून मांडला गेला, तरी एटी अँड टीच्या थ्रीजीसाठी वेगळी आवृत्ती मार्चमध्ये काढावी लागली. त्याच वर्षी सॅमसंगचा गॅलक्सी एस अमेरिकेत चार कंपन्यांकडे कॅप्टिव्हेट, व्हायब्रंट, फॅसिनेट आणि एपिक अशा चार नावांनी गेला. तिकडच्या मुलानं सुट्टीत आणलेला असा फोन जेव्हा इथे काउंटरवर यायचा, तेव्हा "काका, सिम टाकून द्या" एवढंच सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीचा आयफोन-४ आला, तो जीएसएमहून वेगळ्या सीडीएमए तंत्राचा. त्याला सिमचा स्लॉटच नव्हता. आईसाठी हौसेनं आणलेल्या त्या फोनचं इथे काय करायचं, हे त्या मुलाला विमानात बसण्याआधी कुणी सांगितलं होतं?

सीडीएमए आपल्यालाही नवं नव्हतं. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सची ५०१ रुपयांची योजना आली आणि ज्यांच्या घरी कधी फोन नव्हता त्यांच्या हातात मोबाईल आला. या योजनेचं मोल मी कमी लेखणार नाही. पण नंबर हँडसेटमध्येच भरलेला होता. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हा सीडीएमएच्या गिऱ्हाइकाला नंबर नेता आला, हँडसेट मात्र नेता आला नाही.

आता आपल्या देशातल्या ज्या प्रसंगावर मला थांबायचं आहे, तो २२ ऑगस्ट २००८ चा. त्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोननं भारतात आयफोन थ्रीजी विकायला सुरुवात केली. ८ जीबीची किंमत ३१,००० रुपये, १६ जीबीची ३६,१००. फोनच्या नावातच थ्रीजी. आणि त्या दिवशी देशात एकाही कंपनीची थ्रीजी सेवा गिऱ्हाइकांसाठी सुरू नव्हती. पहिली सुरुवात एमटीएनएलनं डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत केली, मग बीएसएनएलनं २००९ मध्ये. ज्या दोन कंपन्यांनी फोन विकला, त्यांना थ्रीजीच्या लहरी मिळाल्या २०१० च्या लिलावानंतर, आणि त्यांची सेवा गिऱ्हाइकापर्यंत पोचायला २०११ उजाडलं. फोनचा दोष काहीच नव्हता. २१०० चा पट्टा त्यात होता, आपल्याकडेही २१०० च ठरला होता. तरी ज्यासाठी पैसे मोजले ती गोष्ट गिऱ्हाइकाला दोन वर्षांहून अधिक काळ मिळाली नाही. तोवर पुढचे दोन आयफोन निघाले होते.

त्या लिलावाकडेही महाराष्ट्राच्या नजरेनं बघायला हवं. ३४ दिवस बोली चालली, सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. देशाची विभागणी २२ सर्कलमध्ये. मुंबई वेगळं सर्कल, त्यात नवी मुंबई आणि कल्याण. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. मुंबईच्या एका परवान्याची किंमत सुमारे ३,२४७ कोटी आणि गोव्यासह साऱ्या महाराष्ट्राच्या परवान्याची सुमारे १,२५८ कोटी. मुंबईत थ्रीजी मिळालं एअरटेल, व्होडाफोन आणि रिलायन्सला. महाराष्ट्रात व्होडाफोन, आयडिया आणि टाटाला. दोन्हीकडे स्वतःच्या लहरी असलेली खासगी कंपनी एकच. बाकीच्यांचं गिऱ्हाईक कल्याणच्या किंवा पनवेलच्या पुढे निघालं की त्याचं थ्रीजी दुसऱ्या कंपनीच्या मेहेरबानीवर. कंपन्यांनी एकमेकांशी करार करून ही दरी बुजवली, तर दूरसंचार विभागानं २०११ मध्ये ते करार बंद करायला सांगितलं. वाद कोर्टकचेऱ्यांत गेला आणि २०१४ मध्ये दूरसंचार लवादानं कंपन्यांच्या बाजूनं निकाल दिला. साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या माणसाला यातलं काय कळणार? तो तुमच्याकडे येऊन सांगायचा की, मुंबईत नेट पळतं, गावाकडं नुसतं फिरत बसतं, सेट बघा. आणि तुम्ही तो सेट उघडून बघितलात.

कायदा जागा असेल तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. मार्च २०१२ मध्ये ॲपलनं नवा आयपॅड काढला आणि तिथे "वायफाय आणि फोरजी" अशी त्याची जाहिरात केली. आतलं फोरजी अमेरिका-कॅनडाच्या पट्ट्यांसाठी होतं. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीचं फोरजी १८०० मेगाहर्ट्‌झवर. दोघांची गाठच पडत नव्हती. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं न्यायालयात धाव घेतली. ॲपलला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली, नाव बदलावं लागलं आणि जून २०१२ मध्ये न्यायालयानं २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड जड नव्हता. पण "हे उपकरण आमच्या देशातल्या नेटवर्कवर चालत नाही, मग चालेल असं भासवू नका" हे एका न्यायालयानं लेखी सांगितलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे त्यानंतर चारच वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि प्रश्नानं नवं रूप घेतलं. जिओकडे टूजी नाही, थ्रीजी नाही. आवाजसुद्धा फोरजीवरूनच जाणार. ज्याला आपण व्होल्टी म्हणतो ती सोय फोनमध्ये नसेल तर पट्टा जुळूनही साधा फोन लागेना, वेगळं ॲप टाकावं लागे. "फोरजी आहे ना, मग कॉल का होत नाही?" हा प्रश्न त्या महिन्यांत तुमच्यापैकी प्रत्येकानं दिवसभर ऐकला असेल. शिवाय कित्येक दोन-सिमच्या फोनांत फोरजी एकाच स्लॉटला, दुसऱ्याला फक्त टूजी. जिओ पहिल्यात घातलं की जुनं सिम टूजीवर उतरणार. हे खोक्यावर लिहिलेलं असलंच तर भिंगातून वाचावं लागे. लोकांना ते तुम्ही समजावलंत, तेही फुकट.

आज फोनमध्ये पंचवीस-तीस पट्टे असतात, मग हा प्रश्न संपला असं कुणी म्हणेल. संपलेला नाही. भारतात पहिले फाईव्हजी फोन फेब्रुवारी २०२० मध्ये विकायला आले, सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. मधली अडीच वर्षं लोकांनी त्या अक्षरांचे पैसे भरले. सेवा सुरू झाली त्या दिवशी आयफोनमध्ये पट्टे होते, पण सॉफ्टवेअरची परवानगी नव्हती. ती डिसेंबरात आली. जिओनं फाईव्हजी स्वतंत्र उभारलं, एअरटेलनं आधीच्या फोरजीच्या आधारानं. एकावर चालणारा फोन दुसऱ्यावर चालेलच अशी खात्री सुरुवातीच्या मॉडेलांत नव्हती.

आणि आपली वडीलधारी माणसं आता मुला-नातवंडांकडे परदेशी जातात. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. इथून नेलेला फोन चांगला असला तरी तिथल्या कंपनीनं त्या मॉडेलला व्होल्टीची मान्यता दिली नसेल, तर तिथल्या सिमवर इंटरनेट चालतं, कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी गेलं, तेव्हा जे फोन फोरजीवरून ००० हा आणीबाणीचा नंबर लावू शकत नव्हते ते नेटवर्कवरूनच काढून टाकण्यात आले. त्यांत परदेशातून आणलेले फोनही होते. परक्या शहरात, घरात एकट्या असलेल्या सत्तरीच्या बाईला रुग्णवाहिका बोलवायची आहे आणि फोन लागत नाही, इथवर ही गोष्ट येऊन ठेपते. म्हणून मी याला तांत्रिक तपशील मानायला तयार नाही.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल खोक्यावर बोटभर अक्षरात असतात. पट्ट्यांची यादी शोधावी लागते, आणि सापडली तरी आकड्यांच्या भाषेत असते. कंपन्यांनी ती यादी आपल्या राज्यात मराठीत, पहिल्या पानावर द्यावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. सरकारनं ती सक्तीची करावी यासाठी पाठपुरावा केला पाहिजे. पण तोवर थांबायचं कारण नाही. पावतीपुस्तक आपलं आहे.

आज दुपारच्या सत्रात एक ठराव मांडला जाणार आहे. विकलेल्या प्रत्येक फोनच्या पावतीवर तो आपल्या सर्कलमधल्या कोणत्या कंपन्यांच्या फोरजी आणि फाईव्हजीवर चालतो, दोन्ही सिमना ती सोय आहे का, आणि परदेशातला फोन असेल तर व्होल्टी तपासून पाहिलं आहे का, हे दुकानदारानं स्वतःच्या हातानं, मराठीत लिहून द्यायचं. याला गिऱ्हाइकामागे दोन मिनिटं जातील. काही वेळा विक्रीही हातची जाईल, हे मी जाणतो. तरीही हा ठराव एकमतानं मंजूर करा आणि सोमवारी दुकान उघडल्यावर पहिल्याच पावतीपासून अमलात आणा, अशी अध्यक्ष म्हणून माझी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.