वाचा बसते तेव्हा

'भीतीने वाचा बसली' असे आपण सहज बोलून जातो. पहिल्या महायुद्धात ते शब्दशः घडले. सैनिक मुके झाले, कुणाचे पाय लुळे पडले. शरीरात इजा मात्र सापडेना. लंडनमध्ये लुईस यीलँड यांनी घशाला विजेचे झटके देऊन मुक्यांना बोलते केले. मला तो छळच वाटतो. एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (निलगिरीतील तोडांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे तेच हे) अधिकाऱ्यांची दुःस्वप्ने ऐकून घेत. 'विसरा' हा सल्लाच घातक, असे त्यांनी १९१७ साली एका व्याख्यानात मांडले. आठवण टाळणे थांबले, तशी काहींची झोप परतली. एका अधिकाऱ्याला मात्र या उपायाचा उपयोग झाला नाही. त्याच्या आठवणीत सुसह्य असे काहीच नव्हते. त्याने सैन्य सोडून खेड्यातील निवांतपणा शोधावा, असे ठरले.