मोजणी मालाची, हिशेब माणसाचा

(शीळफाटा येथे कामगार कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तळोजे, डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर या औद्योगिक वसाहतींचे रस्ते शीळफाट्यावर एकमेकांस मिळतात. येथून जाणाऱ्या मालमोटारींत औषधांची खोकीही असतात. औषध कारखान्यांच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर आता या खोक्यांची स्वयंचलित नोंद होऊ लागली आहे. या यंत्रणेकडे कामगार चळवळीने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजचा विषय आहे.

मालाचा माग ठेवण्यास चळवळीने विरोध करण्याचे कारण नाही. बनावट औषधाची झळ गरिबालाच अधिक बसते. केंद्र सरकारने १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडांवर बारकोड अथवा क्यूआर कोड बंधनकारक केला. त्यात उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. एखादी बॅच सदोष निघाली तर ती कोणाची व केव्हाची, हे जनतेला कळलेच पाहिजे. युरोपीय संघात तर ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांक असावा लागतो.

अशा नोंदीची रीत साधी आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या खोक्यावर यंत्र क्रमांक छापते. पहिल्या नाक्यावर कॅमेरा तो वाचतो. छपाई अस्पष्ट असल्यास खोके बाजूला ढकलले जाते. पुढच्या नाक्यावर कोणती खोकी कोणत्या पेटीत गेली हे नोंदले जाते आणि अखेरीस गोदामाच्या दाराशी पेट्या पुन्हा वाचल्या जातात. क्रमांकाबरोबर प्रत्येक नाक्यावर वेळही नोंदली जाते. खरा प्रश्न या वेळेपासून सुरू होतो.

दोन नोंदींमधील अंतर वाढले म्हणजे पट्टा थांबला, एवढेच यंत्राला समजते. तो का थांबला हे समजत नाही. शाई संपली असेल, फॉइलचा रोल बदलायचा असेल, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल, वीज गेली असेल. कारणाचा रकाना बहुधा पर्यवेक्षक भरतो, आणि 'कामगाराची दिरंगाई' हे दोन शब्द तेथे लिहिणे सर्वांत सोपे असते. पुढे त्याच आकड्यांवरून पट्ट्याचा वेग ठरू शकतो, उत्पादन भत्ता ठरू शकतो, कंत्राटी कामगाराला पुढील महिन्यात बोलवायचे की नाही हेही ठरू शकते. माल मोजण्यासाठी आणलेले यंत्र अशा रीतीने माणूस मोजू लागते.

मुंबईच्या कामगारास हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली गिरणीमालकांनी 'कार्यक्षमते'च्या नावाखाली एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत अशी योजना पुढे रेटली. कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले आणि त्याच लढ्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्यांचे भांडण मागाशी नव्हते. एका माणसाने किती काम करावे हे मालकाने एकट्याने ठरवावे काय, याविषयी ते होते.

कायद्यात या लढ्याला काही आधार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार ठरावीक सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना देणे आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत शिस्तीचे नवे नियम आणि कामगारकपातीस कारण होऊ शकणारी तंत्रसुधारणा, हे दोन्ही विषय आहेत. नोंदींच्या आधारे मेमो दिले जाऊ लागले की ती यंत्रणा म्हणजे शिस्तीचा नवा नियमच, असा आग्रह संघटनांनी धरला पाहिजे. तथापि सूचना म्हणजे संमती नव्हे. पश्चिम जर्मनीने १९७२ च्या कायद्यानेच कामगारांच्या वर्तनावर वा कामगिरीवर देखरेख ठेवणारी तांत्रिक साधने बसविण्याबाबत कामगार परिषदेला सहनिर्णयाचा हक्क दिला. तो आजही टिकून आहे. आपली मागणी याहून कमी का असावी?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. मृतांची ओळख पटविण्यासाठी डीएनए चाचण्यांचा आधार घ्यावा लागला. स्फोटाच्या भीषणतेचा तो परिणाम होता, हे खरे. परंतु खोक्याचा प्रवास क्षणाक्षणाला नोंदवू शकणारा उद्योग, आत या घटकेला किती कंत्राटी कामगार आहेत, ते कोठे उभे आहेत, दाब व तापमान मर्यादेत आहे काय, याची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवतो काय? तंत्र तेच आहे. ते कोणासाठी वापरावयाचे, हा निर्णय राजकीय आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. थांब्याचे कारण कामगाराच्या सहीशिवाय नोंदले जाऊ नये. नोंदी संघटनेला, कंत्राटी कामगारांच्या प्रतिनिधींसह, पाहावयास मिळाव्यात. केवळ यंत्राच्या आकड्यावरून कोणासही शिक्षा होऊ नये. आणि मोजणीचा पहिला उपयोग सुरक्षिततेसाठी व्हावा. पुढील वाटाघाटींत प्रत्येक कारखान्यातील कार्यकर्त्याने थांब्यांच्या कारणांची यादी मालकाकडे मागावी. ती यादी कोणी केली, हे विचारण्यापासून या लढ्याची सुरुवात होईल.