चित्राभोवतीची कोरी जागा

कल्पना आणि वास्तव यांच्या सीमेवर घडणारी गोष्ट मुलांसाठी चित्रांतून सांगायची असते, तेव्हा ती सीमा पानावर दाखवावी की नाही, आणि दाखवायची तर कशाने, हा प्रश्न चित्रकाराला सर्वांत आधी सोडवावा लागतो. स्वप्नाभोवती ढगासारखी कड काढणे किंवा मनातल्या जगाचे रंग फिके ठेवणे हे रूढ उपाय होत. त्यांनी मुलाचा गोंधळ टळतो हे खरे. परंतु यातले खरे कोणते आणि खोटे कोणते याचा निकाल चित्रकार तेथे आधीच देऊन टाकतो, आणि तो निकाल हाती आल्यावर त्या दुसऱ्या जगात शिरण्याची मुलाची ओढच ओसरते. अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाक यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात हे दोन्ही उपाय टाळले, आणि म्हणूनच १९६४ चे कॅल्डिकॉट पदक मिळवणारे हे पुस्तक आजही अभ्यासण्याजोगे आहे.

गोष्ट अगदी लहान आहे. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्स नावाच्या मुलाला आई जेवण न देता खोलीत पाठवते. खोलीत जंगल उगवते, मॅक्स होडीतून रानटी प्राण्यांच्या देशी जातो, त्यांचा राजा होतो आणि घरची आठवण येऊन परततो. सचित्र पुस्तकात चित्रे मजकुराच्या सोबतीला असतात. चित्रपुस्तकात मात्र कथेचा अर्धा भार चित्रच उचलते, आणि तो चित्राच्या विषयाने जितका उचलला जातो तितकाच पानावरच्या त्याच्या आकाराने आणि जागेनेही. पहिल्या पानांवर मॅक्सचे घर लहानशा चौकटीत असून तिच्याभोवती रुंद कोरा समास सोडलेला आहे. मॅक्सचा राग वाढतो तशी चौकट वाढते. खोलीत झाडे उगवू लागतात, पलंगाच्या खांबांची खोडे होतात, आणि भिंती पूर्ण नाहीशा होतात त्याच पानावर समासही संपतो. त्यानंतर समुद्राचे चित्र दोन पानांमधली घडी ओलांडून मजकुराच्या पानावर सरकते, आणि रानटी धिंगाण्याच्या सलग तीन जोडपानांवर तर शब्दाला जागाच उरत नाही. ज्या मुलाला हुकूम शब्दांतून मिळतात, त्याच्या राज्यातून शब्द हद्दपार व्हावेत, यापेक्षा अचूक योजना सुचणे कठीण आहे.

सीमा अशी पानाच्या मोकळ्या जागेने दाखवल्यामुळे रेषेला पक्षपात करावा लागत नाही. पातळ रंगांवर काळ्या शाईच्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा ओढून छाया गडद करण्याची पद्धत सेंडाक यांनी खोलीच्या भिंतीला लावली आणि तीच प्राण्यांच्या अंगावरच्या केसांनाही लावली. त्यामुळे पलंग जितका भरीव दिसतो तितकाच शिंगे असलेला राक्षसही भरीव दिसतो. तरीही हा राक्षस कोठून आला याची खूण बारकाईने पाहणाऱ्या मुलाला सापडते. कारण घरातल्या जिन्यापाशी मॅक्सने स्वतः काढलेले आणि खाली आपले नाव घातलेले अशाच एका प्राण्याचे चित्र टांगलेले असते. मजकूर त्याविषयी अवाक्षरही काढत नाही.

१९५५ च्या सुमाराच्या मूळ आराखड्यात हे प्राणी नव्हतेच. तेथे रानटी घोडे होते. परंतु आपल्याला घोडे नीट काढता येत नाहीत हे सेंडाक यांच्या ध्यानात आले, आणि घोड्यांच्या जागी जे आले त्यांचे चेहरे त्यांच्याच सांगण्यानुसार ब्रुकलिनमधल्या त्यांच्या बालपणी घरी येणाऱ्या, गालगुच्चे घेणाऱ्या नातलगांचे होते. मुखपृष्ठावर बसल्याबसल्या झोपलेल्या प्राण्याची पावले उघडी आणि सरळसरळ माणसाची आहेत. भीतीला अशी ओळखीची पावले दिल्यामुळेच ती लहान मुलाला पेलते.

मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये या पुस्तकावर टीका केली, ती पुस्तक प्रत्यक्ष न पाहता, केवळ ऐकलेल्या कथेवरून. उपाशी निजवलेल्या मुलाला आपण टाकले गेलो असे वाटेल, ही त्यांची चिंता प्रामाणिक होती. मात्र तिचे उत्तर चित्रांत होते, आणि चित्रपुस्तकाची नुसती कथा ऐकून त्याचा न्याय करता येत नाही हेच त्या टीकेने सिद्ध केले.

परतल्यावर मॅक्सची खोली पहिल्यासारखी चौकटीत आकसत नाही. ती आता अख्खे पान व्यापते, आणि लांडग्याची टोपी मागे सरकल्याने मुलाचे केस दिसू लागतात. सुरुवातीला खिडकीत कोर असलेला चंद्र येथे पूर्ण झालेला आहे, म्हणजे मधे कितीतरी दिवस गेले असले पाहिजेत. पण टेबलावर जेवण ठेवलेले आहे, आणि पान उलटताच ते अजून गरम असल्याचे केवळ मजकूर सांगतो, कारण त्या शेवटच्या पानावर चित्रच नाही. जेवण ‘कोमट’ असावे, असे संपादकीय बाजूने सुचवले गेले होते आणि सेंडाक यांनी ते मानले नाही. कोमट जेवणाने चंद्र आणि घड्याळ यांच्यात तडजोड झाली असती, मधे काही वेळ गेला असा सोयीचा हिशेब मोठ्यांना मांडता आला असता. गरम जेवण मात्र चंद्राला उघड विरोध करते, आणि दोन्ही साक्षी तितक्याच ठामपणे मुलापुढे उभ्या राहतात.