हिंगण्याची झोपडी

पुण्यातलं कर्वेनगर म्हटलं की आज उंच इमारती आणि वाहनांची गर्दी आठवते. याच भागात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मोठं आवार आहे. शाळा, वसतिगृहं, मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय. आणि या सगळ्यांत जपून ठेवलेली एक साधी झोपडी. तिची हकिगत मी आज सांगणार आहे.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पण शहरात सनातन्यांचा विरोध होता, त्यात प्लेगची साथ. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० साली त्या ओसाड माळावर ही झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिथे आला.

गाव लांब, रस्ता धड नाही. कॉलेजातले तास संपले की कर्वे पायी हिंगण्याला जात आणि मुलींना शिकवत. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवाच. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव फिरल्या आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

मला या झोपडीत मोठेपणा दिसतो तो एका साध्या गोष्टीत. विधवा मुलीला शिकवायचं, तर आधी तिला राहायला जागा हवी, हे कर्व्यांनी ओळखलं. सासरी ती ओझं आणि माहेरी अपशकुनी. नुसती शाळा काढली असती, तर ती तिथवर पोचलीच नसती. इथे तिला निजायला जागा होती, दोन वेळचं जेवण होतं आणि हातात पाटी होती. १९०७ चं महिला विद्यालय, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ ची भारतरत्न पदवी, हे सगळं त्यानंतरचं.

आजही खेड्यातली एखादी हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते, तेव्हा पुष्कळदा गुण कमी पडलेले नसतात. तालुक्याच्या गावी राहायचं कुठे, हा प्रश्न सुटलेला नसतो. हिंगण्याच्या झोपडीने त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलं आहे: आधी छप्पर, मग फळा.