पाहुणा हंस, ठाण मांडलेला हंस

हिवाळ्यात भारतात डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो आणि उन्हाळ्याआधी परततो. इथल्या हळदी-कुंकू बदकांना त्याचा जाच नाही. युरोपात मात्र पाळलेले हेच हंस सुटून रानात स्थिरावलेत! त्याहून मोठी डोकेदुखी कॅनडा हंसाची. सतराव्या शतकात शोभेसाठी ब्रिटनमध्ये आणलेला हा पक्षी तळ्याकाठचं गवत फस्त करतो, विष्ठेने पाणी नासवतो. संख्या रोखायला अंडी उचलली, तर मादी पुन्हा घालते. म्हणून अंड्यांना तेल फासतात. कवचाची छिद्रं बुजतात, पिल्लू वाढत नाही, मादी मात्र उबवत बसते. क्रूर वाटतं खरं. काठावर उंच गवत वाढू दिलं, तर हंस काढता पाय घेतात; आडोशाला शिकारी दडला असेल, ही धास्ती.